फोन आधी आपण ठेवायचा नाही

पोलिस कचेरीत गुन्हेशास्त्राच्या बाईंना जी खोली मिळाली होती, ती मुळात सायकली ठेवायची. कमरेच्या उंचीवर भिंतीला हँडलांचे काळे ओरखडे अजून होते, आणि दाराशी अजूनही रबराचा वास यायचा. खोलीत दोन टेबलं, एक बाईंचं आणि एक सिस्टरचं. सिस्टर म्हणजे खरोखरच्या सिस्टर. चौतीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या, आणि आता फसवल्या गेलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या.

कचेरीत बाईंना सगळे मॅडम म्हणत. घरी त्यांचं नाव मनी. लहानपणी कुठेही अंगाचं मुटकुळं करून झोपायच्या, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. आपणही मनीच म्हणू. गोष्ट कचेरीत सुरू होत असली तरी आहे ती घरची.

'गुन्हेशास्त्र म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?' असं कुणी विचारलं, की मनीचं उत्तर ठरलेलं होतं. "चोर पकडणं पोलिसांचं काम. चोरी कुणाच्या घरी झाली, कशी झाली, त्याच घरी का झाली आणि पुन्हा कशी होणार नाही, एवढं माझं."

"म्हणजे घाम आमचा आणि अक्षर तुमचं," कचेरीचे साहेब म्हणायचे. पण अक्षराला मान देणारा माणूस होता. मनीने एखादा कागद पुढे केला की चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे.

त्या वर्षी सगळ्यांना एकाच प्रकारच्या गुन्ह्याने छळलं होतं. फोन यायचा. पलीकडचा माणूस कुठल्यातरी मोठ्या खात्याचं नाव सांगायचा. तुमचं नाव एका भयंकर प्रकरणात आलंय, ही चौकशी आहे, आम्ही सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, ठेवलात तर दारात बेड्या येतील. माणूस तासन्‌तास फोनला बांधून पडायचा. संध्याकाळपर्यंत त्याची आयुष्यभराची शिल्लक गेलेली असायची, आणि तिच्याबरोबर आणखीही काहीतरी. ते काय असतं, हे शोधायला मनी आणि सिस्टर बसल्या होत्या.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. सिस्टर मुलाखत घेऊन यायच्या, दोन बोटांनी स्वतः टाइप करायच्या, आणि नाव, गाव, नोकरीचं ठिकाण, ओळख पटेल असं जे जे असेल त्यावर काळी पट्टी मारून वर नंबर घालायच्या. मनीच्या हाती नंबराचा कागद यायचा. कुठला नंबर कोण, ती यादी सिस्टरच्या खणात, आणि खणाची किल्ली सिस्टरच्या घड्याळाच्या पट्ट्याला बांधलेली. माणसं बोलायची ती या किल्लीच्या भरवशावर. "शेजाऱ्याला कळणार नाही ना? सुनेला कळणार नाही ना?" असं विचारून विचारून मग तोंड उघडायची.

मंगळवारी सकाळी साहेब दारात उभे राहिले. हातात संत्रं होतं, ते सोलत बोलत होते.

"मॅडम, गेल्या महिन्यात तक्रारी दुप्पट. तुमचं ते पोस्टर पुन्हा छापू. शुक्रवारी छापखान्यात द्यायचंय. वाक्य तेच ठेवा, अक्षरं तेवढी मोठी करा. लोकांना दिसत नसेल."

ते पोस्टर मनीने दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. बँकेत, बसथांब्यावर, औषधांच्या दुकानात, सगळीकडे लागलं होतं. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य: 'शहाणा माणूस असा फोन लगेच ठेवतो.' साहेबांना फार आवडलं होतं. मनीलाही. एक प्रत तिने वडिलांना नेऊन दिली होती. त्यांनी ती फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला सांगितलं, "हे आमच्या मनीचं."

"करते," मनी म्हणाली.

पण तिचं लक्ष नव्हतं. गेले पाच आठवडे ते कशातच धड नव्हतं.

तिचे बाबा टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. समोर भोकांचा मोठा बोर्ड, डोक्यावर हेडफोन, हातात दोऱ्या. दोरी भोकात बसवून एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. दोरी ओढली की बोलणं तुटायचं. यंत्रं आली, बोर्ड गेला, बाबा निवृत्त झाले, आई गेली. ते एकटे राहायचे, बसने तासाभराच्या वाटेवर. रोज सकाळी सातला मनीने फोन करायचा, आणि पहिल्या घंटीला तिकडून आवाज यायचा, "बोला, ऐकतोय." सोळा वर्षांत यात खंड नव्हता. बोलणं काय, हवापाण्याचं, गुडघ्याचं, जेवणाचं. शेवटी मनीनेच फोन ठेवायचा. ते कधी ठेवायचे नाहीत. 'ठेवा ना बाबा' म्हटलं तर म्हणायचे, "तू ठेव."

पाच आठवड्यांपूर्वी फोन उचलणं बंद झालं. घंटी वाजत राहायची. मग दहा मिनिटांनी संदेश यायचा, 'ठीक. लाइन खराब. तब्येत बरी.' ज्या माणसाने उभ्या आयुष्यात संदेश टाइप केला नाही, त्याचा. ती एकदा जाऊनही आली. बाबा दारात हसले, चहा केला, लाइन खराबच आहे म्हणाले, आणि तासाभराने "तुझी बस चुकेल" म्हणून पिशवी हातात दिली. मनी परतीच्या बसमध्ये विचार करत राहिली, की आपलं काय चुकलं?

साहेब गेल्यावर तिने ढिगातला वरचा कागद ओढला. एक्केचाळीस नंबर.

'मी (काळी पट्टी) वर्षं (काळी पट्टी) मध्ये होतो. निवृत्त. एकटा राहतो. फोन सकाळी साडेदहाला आला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, बोला, ऐकतोय.'

मनीने कागद खाली ठेवला. पुन्हा उचलला. असं पुष्कळ लोक म्हणत असतील.

'पहिल्या अर्ध्या तासात मला शंका आली होती. मी मूर्ख नाही. मागून दुसऱ्या माणसांचे आवाज येत होते, सगळे तेच बोलत होते. आवाजातलं मला कळतं, तो माझा धंदा होता. पण आमच्याकडे शिकवण अशी, की फोन आधी आपण ठेवायचा नाही. समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय दोरी ओढायची नाही. एकदा एका नव्या मुलाने बोलणं चालू असताना दोरी ओढली. पलीकडे एक बाई आपल्या नवऱ्याशी शेवटचं बोलत होती. महिनाभर त्या मुलाला अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून माझा हात उठत नाही. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. काहीतरी हेतू असेल ना त्याचा?

'सहा तास झाले. मधे त्याला खोकला आला. मी म्हटलं, पाणी प्या, मी थांबतो. तो क्षणभर गप्प झाला आणि मग पुन्हा धमकावायला लागला. मला त्याचंही वाईट वाटलं.

'पैशाचं म्हणाल तर पेन्शन येते, भागतं. पैशाचं नाही. माझ्या घरात एक कागद लावलेला आहे. शहाणा माणूस असा फोन लगेच ठेवतो. मी सहा तास ठेवला नाही. म्हणजे मी कोण, ते कागदावर लिहिलेलंच आहे. रोज फ्रिज उघडताना वाचतो.

'मला एक मुलगी आहे. लहान असताना, तिची आई आजारी असली, की मी तिला कामावर न्यायचो. बोर्डाखाली सतरंजीवर झोपायची, मांजरासारखी. वर दोरी भोकात बसली की टक् आवाज यायचा. तो ऐकला की तिला झोप लागायची. आता सकाळी तिचा फोन येतो तर मला उचलवत नाही. उचलला तर माझ्या आवाजावरून तिला कळेल. ती माझीच मुलगी आहे.'

आणि सगळ्यांत शेवटी:

'हे जे कुणी वाचणार असेल, त्यांना म्हणावं, ऐकल्याबद्दल आभारी आहे. आणि जेवण वेळेवर करत जा.'

सिस्टर टाइप करायच्या थांबल्या.

"सिस्टर, हा एक्केचाळीस..."

"थांब." सिस्टरनी हात वर केला. "पुढे विचारलंस तर मला खोटं बोलावं लागेल. आणि खोटं बोलले की माझं ब्लडप्रेशर वाढतं."

"मी काहीच विचारत नाहीये."

"मग मीही काही सांगत नाहीये. डोळे पूस आधी. रुमाल तिसऱ्या कप्प्यात आहेत, धुतलेले."

मनीने डोळे पुसले. "तब्येतीनं कसे आहेत, एवढं तरी?"

"कोण?"

मनीने रुमालाची घडी घातली.

"मला भेटलेली सगळी माणसं," सिस्टर खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तब्येतीनं धडधाकट आहेत. थोडी बारीक झालीत. अन्न नीट जात नाही. ज्यांनी फसवलं ते घोरत पडतात आणि फसलेला बिचारा गुन्हेगारासारखा तोंड लपवतो. इस्पितळात मी हे उलटंसुलटं कधी बघितलं नव्हतं गं. तिथे निदान ज्याला दुखतं तोच कण्हायचा."

"ते तोंड लपवतात ते माझ्यामुळे, सिस्टर. ते वाक्य माझं आहे."

सिस्टर उठून आल्या आणि मनीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्या हातासरशी मनीला नियम नीट दिसला. बाबांनी एक दार उघडलं होतं, किल्लीच्या भरवशावर. 'बाबा, मला सगळं कळलंय' म्हणून ती धावत गेली, तर ते दार बंद होणार. पुन्हा उघडेल याची खात्री नाही. आणि न बोलावं, तर सकाळचे सात असेच वाजत राहणार.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने उरलेले चाळीस कागद पहिल्यापासून वाचले. आजवर ती एक प्रश्न घेऊन वाचत होती, 'हे फसले कसे?' आता दुसरा प्रश्न घेतला. 'यांना फोन का ठेवता आला नाही?' तेच कागद, पण वेगळंच बोलायला लागले. सात नंबर शाळेच्या कचेरीत आयुष्यभर पालकांची गाऱ्हाणी ऐकत होत्या. एकोणीस नंबर हॉटेलच्या स्वागतकक्षात होता, गिऱ्हाईक ओरडलं तरी हसत राहण्याचाच पगार घ्यायचा. तेवीस नंबरच्या बाईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं अकरा वर्षं केलं होतं. सासू हाक मारील म्हणून त्या न्हाणीघराचं दारसुद्धा पूर्ण लावायच्या नाहीत. भित्री माणसं होती, लोभी एखाददुसरंच होतं, भोळं म्हणावं असं तर जवळपास कुणी नव्हतं. एकमेकांना कधीही न भेटलेली ही माणसं एका बाबतीत सख्खी भावंडं होती. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

मग तिला आणखी एक कागद आठवला. पकडलेल्या टोळीकडे सापडलेला, नव्या माणसांना शिकवायचा. फाइलमध्ये तो वर्षभर पडून होता आणि तिने तो तीनदा वाचला होता. त्यात पाचव्या ओळीत लिहिलं होतं, 'समोरचा उद्धट असेल तर वेळ घालवू नका. नम्र असेल तर सोडू नका.'

गुरुवारी तो कागद आणि मुलाखतींवरचं आपलं टिपण घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा लावून वाचलं. पाचवी ओळ दोनदा वाचली.

"च्यायला," ते हळूच म्हणाले. "यांचं गुन्हेशास्त्र आपल्यापेक्षा पुढचं आहे की."

"त्यांना माणसातलं चांगलं कुठे असतं ते ठाऊक आहे, साहेब. तिथेच हात घालतात."

"बरं, मग लोकांनी करायचं काय? 'उद्धट व्हा' असं छापू? माझ्या घरात पोरं पोस्टर न लावताच झालीत."

मनीला हसू आलं, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. "उद्धट न होता फोन ठेवायचा कसा, ते सांगायचं. शहाणा कोण, वेडा कोण, ते नको. त्या वाक्यानं आधीच फसलेली माणसं घरात तोंड लपवून बसतात. तक्रारीला येत नाहीत, आणि आली नाहीत तर तुम्ही चोर पकडणार कसा?"

"हे पटलं. मग कसा ठेवायचा, बोला."

"मला माहीत नाही."

"मॅडम, उद्या शुक्रवार आहे."

"सोमवारपर्यंत द्या. ते वाक्य मी लिहिलंय, साहेब. माझ्याच हाताने काढू द्या."

साहेबांनी संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली. म्हणजे सोमवार कबूल.

सिस्टर निघता निघता पर्स शोधत म्हणाल्या, "शनिवारी काय करतेस? माझं आपलं मत आहे, माणसानं शनिवारी आपल्या माणसांकडे जावं. हे मी सगळ्यांनाच सांगते. कागद मात्र कुणी बरोबर नेऊ नयेत."

शनिवारी मनी गेली. कागद नेला नाही.

बाबांनी दार उघडलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. "अगं, न सांगता? लाइन..."

"खराब आहे, माहितीये. म्हणून तर आले."

घर लख्ख होतं, नेहमीसारखं. फ्रिजवर लाल पट्टी तशीच होती. टॉवेल घ्यायला तिने कपाट उघडलं तर स्वेटरांच्या मागे लोकरीची कानटोपी दिसली, आणि टोपीत गुंडाळलेला फोन. थंडी वाजू नये म्हणून झोपवल्यासारखा. तिने कपाट हळूच लावून घेतलं.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा खुर्चीत बसले. मनी जवळच्या स्टुलावर बसली आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"बाबा, कामाचं एक विचारायचंय. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?"

"माझ्याकडे कसलं आता काम."

"बोर्डाचं. फोन आधी आपण ठेवायचा नाही, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. पण ठेवायचीच वेळ आली तर? म्हणजे समोरचा सोडतच नाही. तेव्हा ऑपरेटर काय करायचा?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. जुन्या कपाटात हात घातल्यावर विसरलेली वस्तू बोटाला लागावी, तसं.

"होतं की," ते म्हणाले. "लांबच्या कॉलला ठरलेली मिनिटं असायची. ती संपली, दुसरी माणसं रांगेत ताटकळतायत, आणि हे दोघं बोलतच आहेत, तर मधे शिरायला लागायचं. साहेब लोक खवळायचे. मी कोण आहे माहितीये का, म्हणायचे. त्यासाठी शिकवलेलं एक वाक्य होतं." ते उठून उभे राहिले. कॉलर नीट केली. आणि मनीने सतरंजीवरून ऐकलेला तो आवाज खोलीत आला, सपाट, स्वच्छ, ना राग ना भीती. "आपली वेळ पूर्ण झाली. मी लाइन मोकळी करतो आहे. नमस्कार."

"मग समोरचा ओरडला तर?"

"तर काही नाही. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही. वाक्य संपलं की दोरी ओढायची. ते वाक्य म्हटलं की हात आपोआप उठायचा. अपमान केल्यासारखं वाटायचं नाही गं. वाक्यानं ठेवला, मी नाही."

ते उभेच होते. आवाज पुन्हा घरचा झाला, आणि त्याला तडा गेला.

"त्या दिवशी मला हे आठवलंच नाही, मने."

"कुठल्या दिवशी?" मनीने विचारलं. विचारताना नजर वहीवर होती. जिवाच्या कराराने तिने ती तिथे धरून ठेवली होती.

बाबा हसले. "शाबास. अजून सांगत नाहीयेस?"

"बाबा, कुणी काय सांगितलं ते मला..."

"बोलू नकोस. ऐकलेलं बोलायचं नसतं. आम्हालाही तीच शपथ होती. अख्ख्या गावाची भांडणं आणि लग्नं माझ्या कानावरून गेली, तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. तिला केवढा राग यायचा!" ते खाली बसले, तिच्या अगदी समोर. "मी सांगतो. त्या नर्सबाई आल्या. म्हणाल्या, नाव पुसतो, अभ्यास करणाऱ्या बाईंकडे नुसता कागद जातो. मी म्हटलं, कोणत्या बाई? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. मी मनात म्हटलं, हिला सांगता येत नसलं तरी मला कळतंय. या कामाला दुसऱ्या कोण बसणार? तुझ्या तोंडावर मला एक शब्द बोलता आला नसता, मने. जीभ रेटली नसती. पण मधे जोडून देणारं माणूस मिळालं. मग म्हटलं, लावून टाकू कॉल."

मनीच्या वहीवर एक थेंब पडला आणि कोऱ्या पानावर पसरला.

"लागायला जरा वेळ लागला," बाबा म्हणाले. "लांबचा होता. ... जेवण वेळेवर करतेस का?"

"नाही," मनी म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. एकदोनदा म्हणाले, "बोल, ऐकतोय." पण तिचं रडणं त्यांनी मधेच तोडलं नाही.

नंतर ती उठली, फ्रिजपाशी गेली आणि तो कागद काढला. "हे मी चुकीचं लिहिलं होतं."

"चुकीचं कशाला? अपुरं होतं. फोन ठेवायचा ते सांगितलंस, कसा ते सांगितलं नाहीस. फाडू नकोस, मागची बाजू कोरी आहे. आण इकडे पेन."

संध्याकाळपर्यंत दोघं टेबलाशी बसले. बाबांचा उत्साह बघण्यासारखा होता. "लाइन शब्द आता कुणाला कळायचा नाही," ते म्हणाले. "आणि 'करतो आहे' म्हटलंस तर बायकांनी काय करायचं? असं लिही, सगळ्यांना चालेल." मनीने लिहिलं. त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं. एकदा, दोनदा. "घाई होतेय. 'झाली' नंतर श्वास घे. श्वास घेतलास की समोरच्याला कळतं, हा माणूस घाबरलेला नाही."

शेवटी कागदावर उरलं ते इतकंच: 'आपली वेळ पूर्ण झाली. आता फोन ठेवत आहे. नमस्कार.' खाली लहान अक्षरांत मनीने आणखी एक ओळ घातली: 'ठेवता आला नाही, तरी लाजू नका. आम्हाला सांगा. आम्ही ऐकतो आहोत.'

बाबांनी ती खालची ओळ बराच वेळ वाचली. मग तो कागद, नवी बाजू वर करून, स्वतः फ्रिजवर लावला. दोन पावलं मागे सरून बघितला.

"कानाला पापणी नाही म्हणून इतकी वर्षं कुरकुरत होतो," ते म्हणाले. "देवाने ती जिभेला लावून ठेवली होती. बघ."

निघताना मनीने विचारलं, "सोमवारी लाइन दुरुस्त होईल ना?"

"बघतो. कपाटात गारठलीये ती."

सोमवारी सकाळी साडेसहालाच मनी खिडकीपाशी बसली होती. सातला तिने नंबर लावला. एक घंटी वाजली. दुसरी वाजली. तिसरी अर्धीच वाजली.

"बोला, ऐकतोय."

हवापाण्याचं झालं, गुडघ्याचं झालं. काल शेजारच्या बाईंकडून ते वाक्य पाठ करून घेतलं, हेही झालं. "फार घाई करतात," बाबा म्हणाले. "श्वास घेत नाहीत."

"बाबा, मला निघायला हवं. साहेब वाट बघत असतील. ठेवते हं."

"थांब. आज तू नाही." तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उभे राहिले असावेत. कॉलरही नीट केली असेल. "आपली वेळ पूर्ण झाली." एक लांब, निवांत श्वास. "आता फोन ठेवत आहे. नमस्कार."

मनी थांबली. हल्लीच्या फोनला ठेवताना कसलाच आवाज नसतो, नुसतं बोलणं नाहीसं होतं. म्हणून तिने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

आणि ठेवण्याआधी बाबांनी जिभेने हलकेच टक् केलं.

मनीला तिथेच, उजेडात, खिडकीला डोकं टेकल्या टेकल्या डुलकी लागली. कचेरीत ती त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा पोचली.